पेटीची दुसरी किल्ली

सानपाडा, २ डिसेंबर २०२४

प्रिय वैजू,

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागात होते. तुझ्यावर नाही. परवा फोनवर तू 'आवाज असा का गं?' विचारलंस तेव्हा आशुतोष समोर जेवत होता आणि त्याचे बाबा पेपर वाचत होते. आमच्या या दोन खोल्यांत फोनवर खरं बोलायची सोय नाही. म्हणून तर डी.एड.च्या वसतिगृहापासूनचं हे पत्रांचं खूळ आपण अजून सोडलेलं नाही.

तर ऐक. शाळेत जूनपासून एक नवी शिक्षिका आलीय, गीतांजली. वय सत्तावीस. कॉम्प्युटरसाठी घेतली आणि आता दर शुक्रवारी पाचवी ते आठवीला 'इंटरनेट सुरक्षा आणि डिजिटल नागरिकत्व' असा तास घेते. नागरिकशास्त्र मी बावीस वर्षं शिकवतेय. ग्रामसभा, जिल्हा परिषद, मूलभूत हक्क. एकाही पोराने कधी घंटा झाल्यावर 'बाई, अजून पाच मिनिटं' म्हटलं नाही. हिला म्हणतात. मी शेजारच्याच वर्गात असते, सगळं ऐकू येतं.

आणि शिकवते काय? 'सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो ना, कुणाकडे जायचंय म्हणून? मोबाइलच्या गेटवर कोण विचारणार? तुम्हीच!' की पोरं खूश. शेवटी सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं, 'जे मला लिहिलेलं नाही ते मी उघडणार नाही. जे माझं नाही ते मी पुढे पाठवणार नाही.' झाला तास. मी पोरांकडून पानंच्या पानं पाठ करून घेतलीत, त्याचं कुणाला कौतुक नाही.

मला पोरं 'बाई' म्हणतात, तिला 'मिस'. बाई दिसल्या की उभं राहायचं आणि मिस दिसली की पळत जाऊन हात धरायचा, असा एकंदर प्रकार आहे.

सगळ्यात झोंबलं ते पेटीचं. जिन्याखालची लाल लाकडी पेटी तुला दाखवली होती. भित्तिपत्रकासाठी मी सुताराकडून करून घेतलेली, पोरांनी कविता टाकाव्यात म्हणून. महिन्याला पाच-सहा कागद निघायचे, त्यांतले दोन चॉकलेटचे. आमचे मुख्याध्यापक दिलीप सर, त्यांनी मला न विचारता ती पेटी हिला दिली. आता पोरं तीत नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकतात. नेटवर कुणी छळलं, काही चुकलं, कशाची भीती वाटली, ते सगळं. शुक्रवारी मिस पेटी उघडते आणि कुणाचंही नाव न घेता वर्गात उत्तरं देते. फटीतून कागदांची टोकं बाहेर आलेली असतात, वैजू. एवढी ती पेटी भरते.

माझी वैष्णवीसुद्धा तिच्यामागे लागलीय. सातवीतली वैष्णवी कणसे. वडील हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, तुमच्याच भागातले. तिला मी दुसरीपासून हात धरून अक्षर शिकवलं. आधी पूर्ण ओळ लिहायची आणि मग वरची रेघ एकदम ओढायची. तिची रेघ शेवटी किंचित वर जाते, तेवढी खोड मी राहू दिली. तालुक्यात पहिलं आलेलं अक्षर आहे ते. परवा ती मला म्हणाली, 'बाई, मिसचं अक्षर वाईट आहे, पण त्या ऐकून घेतात.'

मी काय बहिरी आहे का?

तुझी,
जया


रहिमतपूर, ११ डिसेंबर २०२४

प्रिय जया,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. तुला पोटदुखी झालीय. ओवा खा आणि वर कोमट पाणी पी.

त्या मुलीने तुझं काय घेतलं ते मला कळलं नाही. पेटी रिकामी पडली होती, ती भरली. मला तर ती दोन ओळींची शपथ फार आवडली. आमच्या झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंतची पोरं आहेत, निम्म्यांच्या हातात बापाचा मोबाइल असतो आणि त्यात ती काय बघतात ते बापालाही ठाऊक नसतं. गेल्या महिन्यात आमच्या एका पोरीचा शेंबडा फोटो कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला, तर ती आठ दिवस शाळेत आली नाही. मला काय बोलावं सुचेना. तेव्हा तुझ्या गीतांजलीला विचार आणि तिच्या तासांची टिपणं मला पाठवून दे. झेरॉक्स चालेल.

रागावलीस ना? मला इथून दिसतंय.

तुझी,
वैजू


सानपाडा, ४ जानेवारी २०२५

प्रिय वैजू,

टिपणं सोबत जोडली आहेत. मागितली तर बाईसाहेबांनी लगेच काढून दिली, वर म्हणाली, 'तुमच्या मैत्रिणीला सांगा ना, मी फोनवरपण समजावीन.' किती गं गोड. मला अशी माणसं सहन होत नाहीत, ज्यांच्यावर रागवायला कारणच सापडत नाही.

पालकसभा झाली. बावीस वर्षं मी पालकसभेत बोलते. आया मान हलवतात आणि पदराआड जांभया देतात. यंदा ती बोलली. 'मुलाने येऊन चूक सांगितली तर पहिलं वाक्य काय बोलाल? ''सांगितलंस ते बरं केलंस.'' आधी हे, मग बाकीचं.' आणि आयांनी टाळ्या वाजवल्या. वैष्णवीची आई बाळाबाई, ती जिन्यात मला म्हणते, 'लई ग्वाड बोलती वो ती पोर. तुमीबी चांगलंच सांगता म्हना.' ते 'म्हना' मला घरी येईपर्यंत टोचत होतं.

एक गंमत सांगते. काल कपाट आवरताना त्या लाल पेटीची दुसरी किल्ली सापडली. पेटी करवून घेतली तेव्हा सुताराने दोन दिल्या होत्या. एक सरांनी तिला दिली, आणि दुसरी आहे हे कुणाच्या लक्षातच नाही. माझ्या हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलीय.

तू मला हसलीस, ते मी विसरलेले नाही.

जया


रहिमतपूर, १० जानेवारी २०२५

प्रिय जया,

टिपणं पोचली, उपयोगीही पडली. कालच सहावी-सातवीला वॉचमन समजावला. आमच्या गावात वॉचमन नाही, म्हणून मी दारातला कुत्रा केला. चाललं.

तिळगूळ पाकिटात घातलाय, चुरा झाला असेल तर बोटाने खा. गोड बोलायचं तुला जमणार नाही, निदान गप्प बस.

आता थट्टा नाही. ती किल्ली त्या मुलीला देऊन टाक. किल्ली हातात असली की काय होतं ते आपण वसतिगृहात पाहिलंय. आपल्या रेक्टरबाई वाईट नव्हत्या, त्यांना फक्त सगळं आधी कळायला हवं असायचं. पुढचं मी लिहीत नाही. तुझ्याइतकं ते कुणाला आठवत असणार?

दे गं किल्ली.

वैजू


सानपाडा, २४ जानेवारी २०२५

प्रिय वैजू,

तिळगूळ पोचला. चुरा झाला होता, पण खाल्ला.

इकडे बरंच घडलं. तू म्हणतेस ना, त्या मुलीने तुझं काय घेतलं? तर ऐक, तिच्या त्या सगळ्या डिजिटल कौतुकातून काय निघालं ते. वैष्णवी एका खेळाच्या ॲपवर कुणा अनोळखी मुलाशी बोलत होती. त्याने गोडीने फोटो मागितला, हिने शाळेच्या गणवेशातला पाठवला. आता तो म्हणतो, रोज बोलली नाहीस तर फोटोवर काहीबाही लिहून तुमच्या सगळ्या ग्रुपवर टाकीन. दोन महिने चाललं होतं. तिच्या मिसला त्याचा पत्ता नाही! मला कळलं, आणि मी ताबडतोब आईच्या कानावर घातलं. ज्याचं काम त्यानेच करावं लागतं.

हौसेरावांनी मोबाइल जमिनीवर आपटला. वैष्णवीला थोडा मार बसला. आणि त्यांनी तिला शाळेतून काढून आत्याकडे पाठवलं, तुमच्या रहिमतपूरजवळच. मला वाटलं नव्हतं ते इतकं ताणतील. पण पोरगी सुखरूप आहे, हे महत्त्वाचं.

शाळेत बभ्रा झाला की पेटीतलं फुटलं. किल्ली एकट्या मिसकडे, तेव्हा पोरांनी काय समजायचं ते समजलं. आज शुक्रवार, पेटीत एकही चिठ्ठी नव्हती. सरांनी तिचा तास तूर्त थांबवलाय. ती स्टाफरूममध्ये खिडकीशी बसून असते, डबासुद्धा उघडत नाही.

तुझ्याशी खोटं बोलत नाही: रिकामी पेटी बघून मला बरं वाटलं.

एक काम कर. वैष्णवीला तुझ्या वर्गात बसवून घे. वर्ष फुकट जायला नको. अक्षर बघशील तर हरखून जाशील.

तुझी,
जया


रहिमतपूर, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय जया,

वैष्णवी आमच्या वर्गात येऊन आता दोन आठवडे झाले. आत्या स्वतः घेऊन आली. पोर शांत आहे, तोंडी विचारलं की सगळं बरोबर सांगते. पण लिहीत नाही. एक अक्षर लिहीत नाही, जया. शुद्धलेखन घातलं तर पेन हातात धरून बसते. पहिल्यांदा म्हणाली हात दुखतो. मी तेल लावायला सांगितलं. मग म्हणाली पेन चालत नाही, म्हणून मी माझं दिलं.

काल मधल्या सुट्टीत तिला माझ्या डब्यातलं थालीपीठ दिलं आणि काही विचारलं नाही. अर्धं खाऊन झाल्यावर आपणहून बोलली. 'बाई, मी नाव नव्हतं लिहिलं. शुक्रवारी मी मिसकडे बघत बसले होते. मिसने सगळ्यांना उत्तरं दिली आणि माझ्याच चिठ्ठीला नाही. आणि रविवारी आमच्या घरात सगळ्या बायकांना माहीत झालं. लिहिलं की कळतं, बाई. आता मी लिहिणार नाही.'

तिला अजून वाटतंय की मिसने सांगितलं. मला तसं वाटत नाही. ज्या मुलीने पालकांना 'आधी बरं केलंस म्हणा' असं शिकवलं, ती असं करणार नाही. शिवाय कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मिसला तिचं अक्षर कुठून ओळखू येणार? तालुक्यात पहिलं आलेलं ते अक्षर, शेवटी वर जाणारी रेघ, हे सगळं मला कुणी लिहून कळवलं होतं?

मी एकच विचारते. किल्ली परत दिलीस का?

वैजू


सानपाडा, २ मार्च २०२५

वैजू,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं, कसंही झालं तरी टाकणार आहे.

तुझं तिळगुळाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी किल्ली पर्समध्ये घालून शाळेत नेली. खरंच परत द्यायला नेली होती. तो बुधवार होता. जिन्याखालून जाताना फटीतून कागद दिसत होते आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. मनात म्हटलं, एकदाच बघू, तिला असं लिहितात तरी काय.

अकरा चिठ्ठ्या होत्या. प्रयोगशाळेत जाऊन सगळ्या वाचल्या. एकीत होतं, 'मिस, तुम्ही लग्न करून दुसऱ्या गावाला जाऊ नका.' एकीत, 'मी मित्राचा पासवर्ड बघितला, त्याला सांगू का?' अकरांपैकी नऊ अक्षरं मी बघताक्षणी ओळखली. बावीस वर्षं वह्या तपासल्यावर नाव लागत नाही. सहावी चिठ्ठी वैष्णवीची होती. ओळ संपल्यावर ओढलेली रेघ, शेवटी वर गेलेली. खाली लिहिलं होतं, 'घरी सांगू नका, मिस. तुम्ही सांगाल तसं मी करीन.'

तेव्हा मला काय वाटलं ते तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. काळजी वाटली नाही. ती नंतर वाटली. आधी वाटलं, हे मला का नाही सांगितलं? जिचा हात धरून अक्षर शिकवलं, त्याच अक्षरात ती दुसरीला लिहिते? वैजू, सवतीवर जळावं तशी मी जळत होते.

दहा चिठ्ठ्या परत टाकल्या. तिची पर्समध्ये ठेवली. शुक्रवारी गीतांजलीने ती वाचली असती, आणि तिने ते प्रकरण सोडवलंही असतं, मला खात्री होती. तेच मला नको होतं. वैष्णवी त्या शुक्रवारी तास संपेपर्यंत तिच्याकडे बघत बसली होती, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तिथपर्यंत वाचून पत्र खाली ठेवावं लागलं.

रविवारी बाळाबाईकडे हळदीकुंकू होतं. मी गेले. स्वयंपाकघरात तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिचा विश्वास बसेना. 'आमची पोरगी असलं करंल व्हय, बाई? दुसऱ्या कुनाची आसंल.' मग मी पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली. बाळाबाईला वाटलं मिसनेच मला ती दिली, आणि मी तसं वाटू दिलं. मला माझं खरं करायचं होतं. बाळाबाईला नीट वाचता येत नाही. तिने ती जावेच्या हातात दिली, आणि जावेने मोठ्याने वाचली. दारात सात-आठ बायका वाण घेऊन उभ्या होत्या. वैष्णवी त्यांना तिळगूळ देत होती. तिच्या हातात ताट होतं आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती त्या कागदाकडे बघत होती. माझ्या पर्समधून तो निघाला हे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तू रेक्टरबाईंचं लिहायचं टाळलंस. मी लिहिते. मी आईला लिहिलं होतं, 'मुलांसमोर उभं राहिलं की पाय लटपटतात, मला जमणार नाही, घेऊन जा.' ते पत्र त्यांनी फोडलं आणि मेसमध्ये, हातात भाताची वाढणी असताना, सगळ्यांना वाचून दाखवलं. तू एकटी हसली नव्हतीस. मी दोन दिवस जेवले नव्हते आणि तेव्हा म्हटलं होतं, या बाईसारखी मी कधी होणार नाही.

आणि गीतांजली गप्प आहे. एकदाही म्हणाली नाही की मी नाही सांगितलं. सर सोमवारी तिच्याबद्दल संस्थेला कळवणार आहेत. मी बोलले तर नोकरीला आठ वर्षं उरलीत, ती या तोंडाने कशी काढू? पोरं माझ्याकडे कशी बघतील? मला भीती वाटते.

काय करू?

जया


रहिमतपूर, ६ मार्च २०२५

जया,

मला सांगितलंस ते बरं केलंस.

आधी हे. आता बाकीचं. मला सांगणं सोपं होतं, मी तुझीच आहे. तुझं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत सोमवार उलटून गेला, म्हणून हे पोचताच उठ. काय करू हे तुला माहीत आहे, माझ्याकडून परवानगी कशाला मागतेस?

पोर अजून लिहीत नाही.

वैजू


सानपाडा, २९ मार्च २०२५

प्रिय वैजू,

तुझं पत्र यायच्या आधीच, सोमवारी सकाळी, सरांच्या केबिनमध्ये गेले. संस्थेला पाठवायच्या कागदाखाली ते सही करत होते. मी किल्ली टेबलावर ठेवली. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही ती कशाची. मला मेमो मिळाला, आणि नागरिकशास्त्र माझ्याकडून काढून घेतलंय.

गीतांजलीलाही सांगितलं. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, 'बाई, दीड महिना मी आठवत होते की मी कुणाशी बोलले का. मला वाटायला लागलं होतं की माझ्याच तोंडून गेलं असणार. राग आला नाही असं मी म्हणणार नाही.' एवढं बोलून वर्गावर गेली. तिच्यावर रागवायला मला शेवटी कारण मिळालं नाही ते नाहीच, तिला मात्र मिळालं.

मग सातवीच्या वर्गात उभी राहिले. पाय लटपटत होते, तीस वर्षांपूर्वीसारखे. म्हटलं, 'पेटी मिसने नाही, मी उघडली. चिठ्ठी मी चोरली आणि मी दाखवली. तुमच्या मिसने कुणाला काही सांगितलं नव्हतं.' पहिल्या बाकावरची अस्मिता उभी राहिली. 'बाई, तुम्हाला आमची सगळ्यांची अक्षरं ओळखू येतात?' मी हो म्हटलं. ती खाली बसली.

तास पुन्हा सुरू झालाय. दुसऱ्या शुक्रवारी पेटीत पाच चिठ्ठ्या निघाल्या. गीतांजलीने मला लांबूनच, मजकूर वाचता येणार नाही अशा धरून दाखवल्या. पाचही डाव्या हाताने लिहिलेल्या, वेड्यावाकड्या, पहिलीतल्या पोरांसारख्या. मला ओळखू येऊ नयेत म्हणून. एवढ्या वर्षांत या पोरांना मी जे शिकवलं ते त्यांना आता माझ्यापासून लपवावं लागतंय.

बाळाबाईकडेही गेले. सांगितलं की पोरीने चिठ्ठी लिहिली हेच शहाणपण होतं, चूक माझी. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही. 'तुमी सांगितलं तवा आमी मारली तिला. आता तुमीच म्हनता चूक तुमची. मग त्या माराचं काय करू, बाई?' थोड्या वेळाने तिने चहा टाकला, पण मला विचारून नाही.

हौसेराव आणि गीतांजली मिळून सायबर पोलिसांकडे जाऊन आले. तो मुलगा नव्हताच, चाळिशीचा माणूस निघाला. त्याला पकडलंय. फोटो कुठे गेला नव्हता.

सोबतचं बंद पाकीट वैष्णवीला दे. तू उघडू नकोस.

तुझी,
जया


रहिमतपूर, ५ मे २०२५

प्रिय जया,

पाकीट दिलं. मी उघडलं नाही आणि तिने काय वाचलं ते विचारलं नाही. हातात घेतल्यावर तिने आधी मागची बाजू उलटून डिंक नखाने तपासला, मग माझ्याकडे पाहिलं, मग ते दप्तरात घातलं. चार दिवस दप्तरातच होतं.

वार्षिक परीक्षेत ती लिहायला बसली. सगळं लिहिलं, पहिल्या तिघांत आलीय. पण अक्षर तू सांगितलंस तसं नव्हतं. वरची रेघच काढलेली नाही. नुसती सुटी सुटी अक्षरं, कुणाचीही असावीत तशी. मी गुण कापले नाहीत.

हौसेराव न्यायला आले होते. आठवीला तुमच्याच शाळेत घालणार म्हणाले. पोरगीच हट्ट धरून बसली होती. एस.टी.त चढताना मी तिला विचारलं, 'जयमाला बाईंना काही सांगू का?' म्हणाली, 'मी बघते.'

तेव्हा तिच्यामागे लागू नकोस. तिला बघू दे.

तुझी,
वैजू


सानपाडा, २८ जून २०२५

प्रिय वैजू,

शाळा सुरू होऊन बारा दिवस झाले. वैष्णवी आठवीत आहे, तिसऱ्या बाकावर बसते. मी समोरून आले की उभी राहते आणि 'नमस्ते बाई' म्हणते, बाकीच्यांसारखंच. मी तिच्यामागे लागले नाही. मराठीची वही तपासायला आली होती. तू लिहिलंस तसंच आहे, रेघ नाही. मी लाल पेनाने फक्त तारीख घातली.

पेटी पुन्हा भरायला लागलीय. निम्म्या चिठ्ठ्या अजून डाव्या हाताच्या असतात म्हणे. गीतांजलीकडे पोरं पळत जातात तेव्हा माझ्या पोटात अजून दुखतं. ओवा खाते. तू हसशील, पण खरंच डबी पर्समध्ये ठेवलीय, किल्ली होती त्या जागी.

काल शुक्रवार होता. तास संपल्यावर गीतांजली स्टाफरूममध्ये आली आणि माझ्यासमोर एक पाकीट धरलं. चारी बाजूंनी डिंक लावून वर टाचण्या मारलेल्या. 'पेटीत निघालं. तुमच्या नावाचं आहे.' नाव वाचून तिने ते तसंच आणलं होतं. देऊन लगेच गेली नाही, कपाटाशी काहीतरी शोधत उभी राहिली. मी वर पाहिलं तेव्हा तिची नजर पाकिटावर होती. त्या नजरेत काय होतं ते मी लगेच ओळखलं, माझ्याच घरातलं आहे ते. मग ती वळली आणि दार ओढून घेऊन गेली. ती माझ्यापेक्षा भली बाई आहे, वैजू. हे लिहायला मला सात महिने लागले.

पाकिटावर 'जयमाला बाई' एवढंच होतं. आत एक पान, खाली नाव नाही. उजव्या हाताने लिहिलेलं. प्रत्येक ओळ पूर्ण करून मग वरची रेघ एकदम ओढलेली, आणि शेवटी किंचित वर गेलेली.

आत काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही. ते तिने मला लिहिलंय.

तुझी,
जया